बेंच बघणारे कापगते काका

कापगते काकांनी यंदा बास्केटबॉलच्या लीगचा अख्खा सीझन पाहिला, आणि कोणती मॅच कोण जिंकलं हे त्यांना एकदाही सांगता आलं नाही. कारण काका बॉल बघतच नाहीत. टीव्हीच्या डाव्या कोपऱ्याशी स्टूल ओढतात, नाक काचेला लागेल इतके जवळ बसतात आणि तिथे दिसणारा एका टीमच्या राखीव खेळाडूंचा बेंच बघतात. टीम बाहेरगावी खेळत असली की बेंच उजवीकडे असतो, मग स्टूलही उजवीकडे. कॅमेरा बॉलच्या मागे पळाला की भडकतात. "अबे, इकडं पाह्य ना! तिकडं काय ठेवलं हाय?"

तिकडं मॅच असते, बापा! पण हे काकांना कोण सांगणार?

माझे काय हाल होत असतील, विचार करा. मी भिलाईचा. सेक्टरच्या सिमेंटच्या कोर्टावर गुडघे फोडून घेतलेला, कॉलेजच्या टीममधून खेळलेला माणूस. मला मॅच बघायची असते आणि समोर काकांचं टक्कल! घरी बघावी तर संध्याकाळी आमच्याकडे रिमोट बायकोच्या हातात. म्हणून शेजारच्या क्वार्टरमध्ये काकांकडे जायचं आणि अर्धा टीव्ही बघून परत यायचं, असा माझा सीझन चालला होता.

बेंचवर काकांची मुलगी होती. वैशाली. वय एकोणतीस, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलींच्या या लीगमध्ये एका टीमने तिला या एका सीझनपुरतं घेतलं होतं. आठ मॅचेस होत्या. पहिल्या सहामध्ये तिला एक मिनिटही खेळवलं नाही.

"काका, कोच काही वैशालीला उतरवत नाही," मी एकदा बोललो. बोललो आणि पस्तावलो.

"उतरवत नाई मंजे? स्टँडबाय हाय ते! स्टँडबाय मंजे बंद नाई!"

काकांची चौतीस वर्षं कारखान्याच्या पंपहाऊसमध्ये गेली. उजवा कानही तिथेच गेला. तिथे चालू पंपाच्या बाजूला दुसरा पंप तयार ठेवलेला असतो. पहिला बंद पडला की तो सुरू. त्याला म्हणतात स्टँडबाय. काकांचं म्हणणं, चालू पंपाकडे कोणीही लक्ष देतं, खरा ऑपरेटर थांबलेल्या पंपाला रोज हात लावून बघतो. म्हणून मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका लेकीला फोन लावायचे आणि रिपोर्ट द्यायचे.

"दुसऱ्या क्वार्टरात तू तोंड पाडून बसली होती. तोंड पाडू नको, कोच पाहते. अन् डाव्या बुटाची लेस ढिल्ली होती तुह्यी."

तीस सेकंद दिसलेल्या बेंचमधली लेस! मला तर तोपर्यंत कोणत्या टीमने पांढरा ड्रेस घातलाय हेही नीट दिसलेलं नसायचं.

सातव्या मॅचनंतर मी तिथेच होतो तेव्हा तिचाच फोन आला. काकांना ऐकू यावं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे अर्ध्या सेक्टरला ऐकू जातो. "बाबा, बस हो गया. एक मॅच भी नहीं खिलाया. आठवी झाली की मी घरी येते. मग खेळणं बंद. बूट देऊन टाकते कोणाले तरी."

काकांचा चेहरा पडला, पण आवाज नाही पडला. "आठवी बाकी हाय ना? मंग बूट घालून राह्य. लेस कसून बांध."

फोन ठेवला आणि माझ्यावरच ओरडले, "तू काय पाहून राह्यला माह्या तोंडाकडं? पुढच्या मॅचले पाचले येजो!"

आठव्या मॅचला मी पाचच्या आधीच हजर. वैशालीची टीम पंधरा पॉइंटने मागे. शेवटच्या क्वार्टरला काका एकदम स्टुलावरून उठले.

"पोट्टी नाई जागेवर!"

"काय?"

"खुर्ची रिकामी हाय! गुडघा गेला वाटते राजा पुन्हा. मोबाइल कुठी हाय माह्या?" आणि धावले ना आतल्या खोलीत!

मी टीव्हीकडे बघितलं. वैशाली मधात उभी होती. मैदानात! मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "काका, ती खेळून राहिली! काका, मधात पाहा, मधात!" पण स्पीकर चालू असलेला मोबाइल डाव्या कानाशी धरलेला, आणि उजवा पंपहाऊसमध्ये राहिलेला. आत घंटी वाजत होती, इकडे त्यांची लेक धावत होती. मी त्यांना ओढून आणायला उठलो आणि पुन्हा टीव्हीकडे वळलो, कारण रिंगवरून उसळलेला बॉल तिने हवेत पकडला होता. रिबाउंड! माझ्याच्यानं पाय हलवेना, हे खरं सांगतो.

काका बाहेर आले तेव्हा ती टॉवेल घेऊन खुर्चीवर बसत होती.

"आली बावा! कुठी गेली होती?"

"खेळायला गेली होती, काका."

काका मोबाइल हातात धरून स्टुलावर बसले. टीम हरली, मॅच संपली, जाहिराती सुरू झाल्या, तरी ते बेंचच्या कोपऱ्याकडेच बघत होते. मला स्वतःचा इतका राग आला की उठून जावंसं वाटलं.

मग फोन आला. "बाबा! देखा ना? देखा ना तुम्ही? अगले साल के लिए कोच ने रुकने को बोला है. मी थांबून राहिली, बाबा!"

"पाह्यलं ना," काका म्हणाले. "सारं पाह्यलं. मस्त खेळली माय तू."

फोन ठेवून ते माझ्यासमोर येऊन बसले. डोळे भरले होते आणि पुसायचीही शुद्ध नव्हती.

"सांग," म्हणाले.

"काका, मॅच मोबाइलवर पुन्हा दिसते. आत्ता लावून देतो."

"थे तं पाहीनच. पण कोनी घरात बसून सांगितलं पायजे ना, सुनील. तिची माय असती तं तिनं सांगितलं असतं."

मग मी सांगायला बसलो. दोन मिनिटं खेळली होती पोरगी. एक रिबाउंड, दोन पास, एक फाउल, आणि एक शॉट, जो रिंगला लागून बाहेर पडला.

"रिबाउंडले उडी मारली, मंग उतरली कोन्त्या पायावर?"

"दोन्ही पायांवर, काका. एकदम पक्की."

"हो का?" ते म्हणाले. "आता पह्यल्यापासून सांग."