नेमात हाय

माझा भाऊ महादेव मैदानात उताणा पडला होता, त्याचे डोळे पांढरे झाले होते, आणि ज्याने त्याला पाडलं तो गुरप्पा पंचासमोर उभा राहून सांगत होता, “नेमात हाय, साहेब. खांद्याला खांदा. कोपर न्हाय, गुडघा न्हाय. नेमात हाय.”

पंचाने थोडा विचार केला आणि मान हलवली. तेवढ्यात रेषेवर बसलेला आमच्याच चाळीतला माणूस सवयीने ओरडला, “मेला!”

आमच्याकडे कबड्डीत बाद झालेल्या गड्याला मेला म्हणतात. त्याच्या बाजूने समोरचा एक मारला की हा पुन्हा जिवंत होतो आणि आत येतो. खेळणाऱ्यांना यात काही वाटत नाही. पण माझी आई माझ्या माहेरून, होटगीहून, पहिल्यांदाच सामना बघायला आली होती. तिने तो शब्द ऐकला आणि हंबरडा फोडला. शेजारची एक म्हातारी लगेच महादेवच्या बायकोच्या हातातल्या बांगड्या चाचपायला लागली. मी तिच्या हातावर चापट मारली.

महादेवच्या तोंडावर पाणी मारलं. तव्यावर एक भाकरी होते तेवढा वेळ तो तसाच पडून होता. मग खोकला. आईचं रडणं थांबायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला.

हे बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली झालं. महादेव होटगीकडून खेळत होता आणि गुरप्पा आमच्या गिरणीच्या चाळीकडून. गुरप्पा अक्कलकोटच्या बाजूचा. घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलायचा, गिरणीत माग चालवायचा. उंची बेताची, रुंदी दाराएवढी. लग्न झालेलं नव्हतं. आमच्या शेजारच्या खोलीत एकटा राहायचा आणि दोन्ही वेळा माझ्याकडे जेवायचा.

धडक कशी झाली ते मी स्वतः पाहिलं, कारण मी मधल्या रेषेजवळच बायकांत बसले होते. महादेवने डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला होता आणि तो परत फिरला होता. तोंडात कबड्डी चालू होती. पळत होता रेषेकडे, पण बघत होता मागे कोपऱ्याकडे, कुणी पाय धरतो की काय म्हणून. गुरप्पा दुसऱ्या अंगाने आला. महादेवला तो दिसलाच नाही. दिसला असता तर अंग चोरून घेतलं असतं, नाहीतर उडी मारली असती. भिंत चालून यावी तशी ती धडक त्याच्या डाव्या बाजूला बसली.

त्यात त्याचा डावा कान गेला, उजवाही मंद झाला. दम धरला की डोकं गरगरायचं, म्हणून खेळही गेला. पुढे तो होटगीला शेती करत राहिला.

मी महिनाभर गुरप्पाशी बोलले नाही. भाकरी दिली. ताटात शेंगाचटणी वाढायची, ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि पाठ फिरवायची. माझा नवरा म्हणाला, बोलायचं नसेल तर वाढतेस कशाला. मी म्हटलं, त्याचं पोट नेमात आहे.

गुरप्पाजवळ कबड्डीच्या नियमांचं एक पातळ पुस्तक होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. त्याची शाळा कानडीतली, तीही थोडीच, त्यामुळे ते त्याला वाचता येत नव्हतं. पण कुठलं कलम कुठल्या पानावर आहे ते पाठ होतं. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि वाचणारा चुकला तर त्याला दुरुस्त करायचा.

त्या पुस्तकावर तो सगळी चाळ चालवायला बघायचा. नळावर बादली ठेवून बाई घरात गेली, तर बादली जिवंत, बाई बाद. वरच्या मजल्यावर नवराबायकोचं भांडण झालं तेव्हा हा मध्ये पडला आणि आधी विचारलं, कोपर लागलं का? बाई म्हणाली, लाटणं लागलं. गुरप्पाने पुस्तक चाचपलं आणि सांगितलं की हत्याराचं कलम यात न्हाय, तुमचं तुमी बघा.

आणि धडकेचा विषय कुणी काढला की त्याचं ठरलेलं होतं. “नेमात हाय.” कुणी काढला नाही तर स्वतःच काढायचा. केस कापताना न्हाव्याला सांगायचा, पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनला अडवून सांगायचा. लोक म्हणायचे, एवढं नेमात आहे तर एवढं सांगतोस कशाला रे.

त्याच वर्षी त्याला दुसरं खूळ लागलं. कुणाच्याही पाठीमागून जवळ जायचं झालं की लांबूनच ओरडायचा, “आलो, बरं का.” नळावर ओरडायचा, बोळात ओरडायचा. म्हशीच्या मागून जाताना ओरडायचा, ते एक शहाणपणच होतं. गिरणीत मागांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नसे, तिथेही बेंबीच्या देठापासून ओरडायचा. मुकादमाने एकदा विचारलं, अरे आलास तर आलास, हजेरी रोज किती वेळा लावतोस?

कहर झाला तो महादेवाच्या देवळात. तिथे नंदी पिंडीकडे तोंड करून बसलेला, आपण आत जातो ते त्याच्या पाठीमागून. गुरप्पा दाराशी थांबला, हात जोडले आणि नंदीच्या पाठीला म्हणाला, “आलो, बरं का.” पुजारी म्हणाला, गुरप्पा, त्याला ठाऊक हाय की. बायका पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसले. त्याचं हे खूळ कुठून आलं ते माझ्याही डोक्यात आलं नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. पूर्वी तो मला वैनी म्हणायचा. त्या सामन्यानंतर आक्का म्हणायला लागला, महादेव म्हणतो तसं.

दोनेक वर्षांनी एका रविवारी तो पोस्टकार्ड घेऊन आला. उंबऱ्याच्या चार हात अलीकडून “आलो” म्हणाला आणि मग बसला. म्हणाला, आक्का, तुमी चौथी शिकल्या, कबड्डीच्या मोठ्या हापिसाला एक पत्र लिवा. मला वाटलं, आता हा धडक नेमात होती म्हणून लेखी दाखला मागणार. मी रागाने विचारलं, काय लिहू?

तो थांबून थांबून सांगत गेला.

“लिवा. धडक नेमात हाय. ती ऱ्हाऊ द्या. खरं समोरचा गडी बघत नसंल, तर आदी आवाज द्यावा. ‘आलो’ म्हणावं. मग मारावं. असा नेम करा.”

मी म्हटलं, “अरे, आवाज दिल्यावर तो सावध होणार की.”

“व्हय.”

“मग धडक बसणार कशी?”

“न बसंना,” गुरप्पा म्हणाला.

मी कार्डावर तसंच लिहिलं. अक्षर लागावं म्हणून मोठं काढत होते, तर शेवटची ओळ पत्त्याच्या कडेला गेली. लिहिता लिहिता मला तो नंदी आठवला, नळ आठवला, म्हैस आठवली. नेम कधी होईल तेव्हा होईल, हा माणूस दोन वर्षं एकटाच तो पाळत होता. त्या दिवशी वांग्याची भाजी केली होती, ती दोनदा वाढली.

मोठ्या ऑफिसातून एका ओळीचं उत्तराचं कार्ड आलं. सूचना विचाराधीन आहे. गुरप्पाने ते कार्ड पुस्तकात ठेवलं. तेव्हापासून तो “नेमात हाय” म्हणायचा बंद झाला आणि “इचारात हाय” म्हणायला लागला. नळावरची भांडणंसुद्धा इचारात राहायला लागली. त्याने बायकांची फार गैरसोय झाली.

मग एक दिवस म्हणाला, ते कार्ड महादेवला दाखवायचं हाय. सामन्यानंतर तो होटगीला एकदाही गेला नव्हता. मला म्हणाला, आक्का, तुमी संगं चला, तुमच्या आईसमोर माझे पाय चालायचे न्हाईत. मी म्हटलं, आई तुला खाणार नाही, तिला दात नाहीत. पण गेले.

महादेव अंगणात पाठमोरा बसून शेंगा फोडत होता. नुकतंच सारवलेलं होतं. गुरप्पा फाटकात थांबला. अंगावर धुतलेला सदरा, हातात कार्ड.

“आलो, बरं का,” तो म्हणाला.

महादेव हलला नाही. फाटक त्याच्या मागे, डाव्या हाताला होतं.

गुरप्पा पुन्हा म्हणाला. मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. शेंगा फुटत राहिल्या. कानाचं मी चाळीत कधी बोलले नव्हते; आता सांगणार होते की त्या कानाने त्याला ऐकू येत नाही, पण गुरप्पाचं तोंड बघून कळलं की ते आता त्यालाही कळलं आहे. एवढे दिवस त्याने गल्लीला, मागांना, दगडाच्या नंदीला आवाज दिला होता, आणि ज्याला द्यायचा त्याचा कान त्यानेच घालवला होता.

तो हळूच भिंतीच्या कडेकडेने निघाला. सारवण मोडू नये म्हणून अंगणाला पूर्ण वळसा घातला आणि महादेवच्या समोर जाऊन उभा राहिला.

महादेवने वर पाहिलं. त्याला ओळखलं. समोरच्या शेंगा बाजूला सारून म्हणाला, “बस की, गुरप्पा.”

गुरप्पा बसला नाही. त्याने कार्ड पुढे केलं, आणि आम्ही कसला नेम मागितला होता ते मी महादेवला सांगितलं. महादेवने ते वाचलं, उलटं करून बघितलं आणि परत दिलं.

“नेमात व्हतं ते,” महादेव म्हणाला. “मी बी तेच केलं असतं. खरं मला तू दिसला न्हाईस.”

“व्हय,” गुरप्पा म्हणाला. “तुला दिसत न्हवतं, ते मला दिसत व्हतं.”

मग खाली बसला आणि शेंगा फोडायला लागला. आई चहा घेऊन आली. त्याला बघून तिने तोंड वाकडं केलं, पण कप त्याच्या समोर, त्याला दिसेल असा ठेवला.

गुरप्पा गिरणी बंद पडायच्या आधीच गेला, कावीळ झाली होती. तो नेम झाला की नाही ते मला माहीत नाही. आई गेली. बांगड्या चाचपणारी ती म्हातारीही गेली. महादेव होटगीला आहे. बायकोच्या हातात बांगड्या आहेत. तो जिवंत आहे.