कंटकरावांचा कापलेला प्रवेश

बाळांनो, एका जंगलात कंटकराव नावाचे एक साळिंदर राहत होते. ते नाटकं बसवायचे. नाटकं फार खोल असायची. बघायला दोन कासवं यायची, त्यातलं एक झोपलेलं असायचं.

त्याच जंगलात दंतेशेठ हत्तींची नाटक मंडळी होती. त्यांच्या नाटकांचा वीर वज्रबेडूक. पाठीला केळीचं पान बांधून तो दरवर्षी जंगल वाचवायचा. पडदा पडला तरी प्रेक्षक उठत नसत. कारण मग पडदा वीतभर उचलून पुढच्या वर्षीच्या खलनायकाची नुसती शेपटी दाखवायची रीत होती.

"कंटकराव, यंदाचा वज्रबेडूक तुम्ही बसवा," दंतेशेठ म्हणाले. "पूर्ण मोकळीक!"

कंटकरावांनी जीव ओतून एक प्रवेश रचला. वज्रबेडूक डबक्याकाठी बसतो आणि विचार करतो. पाऊण तास.

दंतेशेठांनी तालीम पाहिली. "झकास! फक्त हे काढा आणि इथे एक डोंगर कोसळू दे."

डोंगर कोसळला. नाटक तुफान चाललं. कंटकरावांना मात्र घास गोड लागेना.

"माझा आत्माच कापला हो!" ते ज्याला त्याला सांगू लागले. सशांनी डोळे पुसले. माकडांनी झाडोझाडी पाट्या लावल्या, 'कापलेला प्रवेश दाखवा!' न पाहिलेल्या प्रवेशामुळे कंटकराव जंगलात थोर ठरले. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांना वाकून नमस्कार करू लागले.

शेवटी दंतेशेठ वैतागले. "पौर्णिमेला तुमचा प्रवेश लावतो. एक शब्द बदलणार नाही."

बदलायला त्यात शब्दच नव्हता, ते सोडा.

कंटकरावांनी आनंदानं तालीम लावली. बेडूक बसला. विचार करू लागला. पाचव्या मिनिटाला कंटकरावांना जांभई आली. दहाव्या मिनिटाला त्यांच्याच तोंडून निघून गेलं, "अरे, एखादा डोंगर तरी कोसळू दे!"

मग त्यांना दरदरून घाम फुटला. पौर्णिमेला हे सगळं जंगल बघणार होतं. ते तडक शेठकडे धावले.

"शेठ, पाया पडतो. प्रवेश कापा."

"अहो, तुमचा आत्मा ना तो?"

"म्हणूनच कापा! आणि तुम्हीच कापलात असं चारचौघांत सांगा."

"सांगतो की. पण पुढचा वज्रबेडूकही तुम्हीच बसवायचा."

"पूर्ण मोकळीक?" कंटकरावांनी घाबरत विचारलं.

"छे हो, आता नाही देणार."

कंटकरावांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी शेठनी वडाखाली तसं जाहीर केलं आणि ससे पुन्हा रडले. कंटकराव त्यांच्याहून मोठ्यानं रडले.

तात्पर्य : कलावंतानं स्वातंत्र्यासाठी जन्मभर भांडावं, मात्र ते मिळणार नाही याची आधी खात्री करून घ्यावी. (या गोष्टीचं मूळ तात्पर्य याहून फार खोल होतं. संपादकांनी कापलं. ते छापा म्हणून कृपा करून त्यांच्या मागे लागू नका.)