धोंडीराम गांगुर्डे हयात आहेत

धोंडीराम गांगुर्डे जिवंत आहेत हे मोबाईलला पटवून देण्याचं काम सकाळच्या चहानंतर सुरू झालं. जेवणाची वेळ झाली तरी मोबाईलला ते पटलेलं नव्हतं.

पेन्शन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. नाही दिला तर पेन्शन थांबते. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग लावावी लागे, आता अ‍ॅप आलं आहे. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या धोंडीरामांनी यंदा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बाकावर बसून आपल्या मंडळींना हे अ‍ॅप शिकवलं होतं. शिकवताना "ह्यापुढं बँकेच्या रांगेत जो दिसेल तो अडाणी," असंही ते बोलून गेले होते. मंडळींनी ते मनावर घेतलं. निवृत्त मुख्याध्यापक शेखर पगारे, वनखात्यातले लहानू भोये आणि नवऱ्याची पेन्शन घेणाऱ्या अंबूबाई, सगळ्यांनी ग्रुपवर 'झालं' लिहून अंगठे टाकले. राहिले होते फक्त शिकवणारे, आणि आज महिन्याचा शेवटचा दिवस होता.

दाखल्यासाठी दोन अ‍ॅप लागतात. पहिल्यात माहिती भरायची. ते चेहरा तपासणारं दुसरं अ‍ॅप उघडतं. त्याच्यापुढे डोळे मिचकावले की ते पहिल्याला 'हाच तो माणूस' असं कळवतं. धोंडीरामांनी माहिती भरली, डोळे मिचकावले, हिरवं वर्तुळही आलं. परत पहिल्या अ‍ॅपवर आले, तर ते जणू आयुष्यात प्रथमच भेटत असल्यासारखं आधार क्रमांक विचारत होतं.

"अगं, हे मला ओळख दाखवत नाही!"

"चष्मा काढून बघा," सुमनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

चष्मा काढल्यावर चेहरा पटकन जुळला, पण आधार क्रमांक दिसेनासा झाला. तो सुमनबाईंनी वाचून दाखवला. पुन्हा वर्तुळ, पुन्हा तीच अनोळखी नजर.

"मेमरी फुल झाली असणार," धोंडीरामांनी निदान केलं आणि ते फोटो उडवायला बसले. आधी सुप्रभातची गुलाबं गेली, मग नातेवाइकांची बारशी.

"माझ्या भाचीच्या हळदीला हात लावायचा नाही," सुमनबाईंनी बजावलं. तोवर हळद उतरली होती. अ‍ॅप मात्र होतं तसंच होतं.

शेवटी बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलीला, राखीला, व्हिडिओ कॉल लागला.

"पप्पा, फोटो कशाला उडवले? ती मेमरी वेगळी. ते घरातलं कपाट आणि ही म्हणजे ओटा. तुमच्या फोनचा ओटाच लहान आहे. चेहऱ्याचं अ‍ॅप मोठं पातेलं घेऊन येतं. जागा नसली की फोन मागचं भांडं गुपचूप उचलून टाकतो. म्हणजे तुमचं पहिलं अ‍ॅप."

"मला न विचारता?"

"न विचारता. समोर दिसतंय ते जगवायचं, मागचं मारायचं. सगळे फोन असंच करतात."

"पण त्याच्यात माझा जीव आहे ना!"

"असं करा, मागं जे जे उघडं असेल ते बंद करा."

बंद करणं हा धोंडीरामांचा हातखंडा होता. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर ते पाहुण्यांकडे गेल्यावरही उठून बंद करत. त्यांनी अंगठ्याने एकेक अ‍ॅप असं झटकलं, जणू सतरंजीवरचा कचरा.

"झालं. सगळं साफ. आता?"

"आता पेन्शनच्या अ‍ॅपमध्ये जा. माहिती भरून ठेवलीये ना?"

"तेच तर सगळ्यात आधी बंद केलं."

राखीने कपाळाला हात लावला. माहिती पुन्हा भरली गेली. डोळे मिचकावले गेले. अ‍ॅप पुन्हा मेलं. 

"पप्पा, एक लक्षात आलं. ओट्यावरचं सगळ्यात मोठं पातेलं मीच आहे. हा व्हिडिओ कॉल."

"म्हणजे?"

"मी बोलतेय तोवर तुमचं काही होणार नाही."

"मग ठेव की फोन! आधी का नाही सांगितलंस?"

फोन ठेवला गेला. घरात शांतता झाली. धोंडीरामांनी माहिती भरली, चेहरा धरला, एकदा डोळे मिचकावले, आणि हिरवं वर्तुळ पूर्ण व्हायला आलं असतानाच फोन वाजून स्क्रीनभर शेखर पगाऱ्यांचा फोटो आला.

"गांगुर्डे साहेब, ग्रुपवर तुमचा अंगठा दिसला नाही. आहात ना?"

"तेच सिद्ध करत होतो!" धोंडीराम ओरडले. "तुम्ही मारलंत मला!"

"घरीच आहात म्हणजे? बरं, बरं," शेखरराव कशाने तरी निश्चिंत झाल्यासारखे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सुमनबाईंनी इस्त्रीचा शर्ट आणून पलंगावर टाकला. "बँक चारला बंद होते. निघा."

"मला तिथं कोणी पाहिलं तर?"

"कोण बघणार? तुमची माणसं तर सगळी घरबसल्या जिवंत झालीत."

हे पटण्यासारखं होतं. तरी गंगापूर रोडची शाखा घराजवळ, तिथे ओळखीचं कोणीतरी भेटणारच. दाखला कुठल्याही शाखेत चालत असल्याने धोंडीरामांनी रिक्षा केली आणि थेट नदीपलीकडची पंचवटीची शाखा गाठली. आत शिरताना त्यांनी कानटोपी भुवयांपर्यंत ओढली.

रांगेत सर्वात शेवटी एक बाई पदर ओढून उभ्या होत्या. त्या अंबूबाई होत्या. त्यांच्या पुढे मफलर गुंडाळलेले लहानू भोये. आणि त्यांच्याही पुढे, तोंडाला मास्क लावून आणि हातात अजून फोन धरून, शेखर पगारे.

धोंडीरामांनी कानटोपी वर सारली, तसे तिघेही मागे वळले.

"माझा फोन लय गरीब हाय, साहेब," लहानू म्हणाले. "अंगठा टाकला, म्हनलं तुमचं मन मोडाया नको."

"मला वाटलं मलाच येत नाय," अंबूबाई म्हणाल्या.

"मी कॅमेरा बिघडला म्हणून नवा फोन घेतला," शेखरराव मास्कमधून म्हणाले. "त्यावर अजून काही लावता येत नाही."

धोंडीराम वयाने सर्वांत मोठे, म्हणून तिघांनी त्यांना पुढे घातलं. नको म्हणायची सोय नव्हती.

खिडकीतल्या मुलीने मान वर करून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. तिला ते जिवंत दिसले. तिने शिक्का मारला.

"काका, ह्या वयात कशाला एवढी धावपळ? आता हे घरबसल्या मोबाईलवर होतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

धोंडीरामांना मागे पाहायचा धीर झाला नाही.

"नाही हो," ते म्हणाले. "आमच्यात तेवढं कळणारं कोणी नाही."

रांगेतून कोणीही हरकत घेतली नाही.