दोनदा आवळलेलं पान

आप्पांच्या लॉजमधला कॉम्प्युटर शेवटी काउंटरवरून माळ्यावर गेला. पण असं काही झालंच नाही. निदान सलिल तरी तसंच धरून चालतो!

२००३ची मे महिन्याची सुट्टी. गणपतीपुळ्यात गर्दी मावेना, आणि आप्पांच्या लॉजची वेबसाइट उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जेवून झोपलेलं असायचं! आप्पांनी पुतण्याला बजावलं, "सल्या, ह्या शनिवारी आठही खोल्या भरल्या नाहीत, तर हे डबडं माळ्यावर!"

"आप्पा, बुकिंगचं बटण दाबलं की खोल्यांचं पान सर्व्हर ऐनवेळी तयार करतो. ते मी आवळून पाठवतो. पलीकडे ब्राउझर सोडून दाखवेल. गादी गुंडाळून नेतात ना, तसं!"

"मग आवळ की मेल्या! मुहूर्त काढू काय?"

सर्व्हरवाले पान आधीच आवळून पाठवत होते. सलिलला ते ठाऊक होतं. पण एकदा आवळून एवढं हलकं होतं, तर दोनदा आवळून काय उडेल! त्याने वरून आणखी आवळलं. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरने बाहेरची दोरी सोडली, आत दुसरी बघितली, आणि सरकारी माणसासारखा हात झटकून बसला. त्याला हुकूम एकच दोरी सोडायचा होता!

सलिलने पान उघडून बघितलं. त्याच्या कॉम्प्युटरने सर्व्हरला न विचारताच ठेवणीतलं कालचं पान पापणी लवायच्या आत पुढे केलं.

"बघा आप्पा! निघायच्या आधी पोचलं!"

शुक्रवारी बुकिंगच्या आठ मेल आल्या. लॉज फुल्ल!

"नावं वाचलीस काय रे?"

"कशाला? लग्न जुळवतोय काय आपण?"

शनिवारी आप्पांनी दारातून सहा कुटुंबं छाती काढून परत पाठवली. खोल्या झाडणाऱ्या मालनने आठही खोल्यांत चादरी बदलल्या. संध्याकाळी कोल्हापूरच्या गाडीतून एक गृहस्थ उतरले. एकटेच.

"एक खोली मिळंल काय?"

"अजिबात नाही!" आप्पा खुशीत म्हणाले. "सल्या, वाच रे नावं ह्यांना."

सलिलने वाचली. "हरिश्चंद्र चौगुले. हरिश्चंद्र चौगुले. हरिश्चंद्र..."

"आवो, त्यो मीच की!" गृहस्थ ओरडले. "नाव भरून बुकिंगचं बटण दाबलं की पडद्यावर नुसत्या किडामुंग्या! म्हटलं, लागंना. परत दाबलं, परत किडामुंग्या. मग मीबी हट्टाला पेटलो!"

"म्हंजे सगल्या खोल्या मी ह्या एकल्या मानसासाठी झाडल्या?" मालनने झाडू आपटला.

आप्पांनी माळ्याकडे बघितलं.

"बघू नका!" सलिल काउंटरला पाठ लावून उभा राहिला. "आठ भरा म्हणालात, आठ भरल्या! माणसं वेगवेगळी पाहिजेत, हे कधी बोललात?"

"आणि झोपणार कोण त्यात? तुझा सर्व्हर?"

सलिलने लॉजचा छापील कागद ओढला, खरडला, शिक्का मारला आणि चौगुल्यांपुढे धरला:

"आपल्या नावे आठ खोल्या रीतसर नोंदल्या गेल्या असल्याने, आपण आज रात्री सदर आठही खोल्यांत एकाच वेळी झोपून व्यवस्थापनास सहकार्य करावे, ही नम्र विनंती."