दोष प्रकाशाचा

पांढरे म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार डोळ्यांकडून काढून कॅमेऱ्याकडे दिल्यापासून मानवजातीचे बरेच वाद मिटले आहेत. कॅमेऱ्याचा न्याय सरळ आहे. चौकटीत एखादा रंग वाजवीपेक्षा जास्त दिसला, की तो वस्तूचा नव्हे, दिव्याचा, असे समजून काढून टाकायचा. (वस्तूला विचारण्याची तरतूद नाही.)

फ्रीसलंड या डच प्रांतातल्या फ्रानेकर गावच्या हिल्त्येला हे ठाऊक नव्हते. तिला एवढेच दिसले, की न्याहारीला बसलेला आपला नवरा वुबे चीजच्या चकतीसारखा पिवळा पडलाय. डोळ्यांसकट.

"अरे, कावीळ झालीय तुला!"

"तुझं आपलं काहीतरीच. पडद्यातून ऊन येतंय."

आरोग्यकेंद्रात उठून थेट जाण्याची पद्धत अर्थातच नाही. आधी फोटो पाठवायचा. चेहरा चौकटभर हवा, बाकी काही नको, असा नियम. हिल्त्येने तसाच काढला. चौकटभर पिवळे पाहून कॅमेऱ्याने कर्तव्य बजावले आणि पिवळे काढून घेतले. फोटोतला वुबे गुलाबी, टवटवीत, लग्नात होता त्याहून देखणा. उत्तर आले: 'प्रकृती उत्तम. पाणी भरपूर प्यावे.'

हिल्त्ये सहजासहजी गप्प बसणारी नव्हती. तिने वुबेच्या गालाला पांढरी बशी लावून दुसरा फोटो काढला. बशी पांढरी, वुबे पिवळाधमक! उत्तर आले: 'चौकटीत भांडी नकोत. पुन्हा पाठवा.'

मग मात्र तिचे डोके फिरले. बखोट धरून तिने त्याला केंद्रात नेले. डॉक्टरीणबाई दचकल्याच.

"अगंबाई, किती पिवळे झालायत हो तुम्ही!"

मग त्यांनी संगणकावरचा गुलाबी वुबे पाहिला, पुन्हा खुर्चीतला पाहिला, आणि (शास्त्रीय दृष्टी म्हणतात ती हीच) वर छताकडे पाहिले.

"आमच्या दिव्यांचाच घोळ दिसतोय."

दुसऱ्याच दिवशी केंद्रातले सगळे दिवे बदलण्यात आले. या तत्परतेचे गावात फार कौतुक झाले.

वुबेला मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. तो गेला. हिल्त्येला इतका संताप आला की रडूही येईना. मुलाने शोकपत्रिकेवर तोच गुलाबी फोटो छापला, आणि कुंपणावरून वुबेला रोज पाहणारे शेजारी अंत्यविधीनंतरच्या कॉफीबरोबर केकचा तुकडा मोडत म्हणाले, "चांगला ठणठणीत होता की! अचानक कसं झालं?"

तुमच्या आईची मात्र काळजी नको. तिचा फोटो कालच आला, आणि 'मस्त दिसतेयस' असे तुम्हीच तिला कळवलेत.