मिहारूचा तो प्रसंग

“मानवजातीने आजवर तीन थोर गोष्टी केल्या,” कुरुसु ताकेनोरी म्हणाले. “अग्नी शोधला, लिपी शोधली, आणि ‘नभोदुर्ग गोरादेन’ काढलं.”

हे वाक्य त्यांनी ओदावारातल्या एका बऱ्यापैकी महाग उपाहारगृहात, मुलीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांसमोर, ताठ बसून उच्चारलं. त्यानंतर उभं राहून दोन शब्द बोलायचा त्यांचा विचार होता. पण गुडघे मुडपून बसल्याने दोन्ही पाय केव्हाच बधीर झाले होते. मानवजातीचे प्रवक्ते अर्धवट उठले, डुगडुगले आणि कोळंबीच्या तबकावर कलंडले.

विषय निघाला होता मुलीच्या, मिहारूच्या, नावावरून. दोन्ही घरच्यांच्या पहिल्या भेटीत हा प्रश्न निघतोच. शहाणा बाप सांगतो, हिचा जन्म झाला तेव्हा अंगणातला आलुबुखार फुलला होता, आणि सगळे माना डोलावून सूप पितात. मिहारूनेही वडिलांकडून हेच वदवून घेतलं होतं. पण व्याही हिराइवा, म्हणजे नवरदेव इत्सुकीचे वडील, पडले मात्सुमोतोचे निवृत्त मुख्याध्यापक. “आयुष्यभर हजेरी घेतली,” ते म्हणाले, “पण मिहारू हे नाव कधी आलं नाही. काही कथा असेल.” कथा हा शब्द ऐकला आणि ताकेनोरींच्या डोक्यातला आलुबुखार गळून पडला.

गोरादेन ही त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली टीव्हीवरची कार्टून मालिका. मिहारू तिची नायिका. सगळे वीर घायाळ पडले असताना ती एकटी दुर्गाचं सुकाणू धरते आणि शत्रूला म्हणते, “मी घाबरलेली आहे. पण घाबरलेल्या माणसाचे हात रिकामे नसतात.” कोळंबीच्या तबकातून वर काढल्यावरही ताकेनोरींनी हे वाक्य म्हणून दाखवलं. दरवर्षी मुलीच्या वाढदिवसाला म्हणायचे तसंच, डोळ्यांत पाणी आणून. त्यांच्या पत्नी सुमिए शेजारी बसून त्यांच्या कोटाची बाही पुसत होत्या.

“मी अवश्य बघेन,” हिराइवा वाकून म्हणाले.

असं म्हणायचं असतं. बघायचं नसतं. ओदावारात हे दुधाच्या दातांबरोबर कळतं. पण मात्सुमोतो पडलं डोंगरात, आणि मुख्याध्यापकांनी शब्द दिला की संपलं. त्याच आठवड्यात त्यांनी मालिकेच्या सगळ्या डीव्हीडी-तबकड्यांचा संच मागवला. मग संध्याकाळचे फोन सुरू झाले.

“हिराइवा बोलतोय. आज तीन भाग बघितले. मिहारू-सान पकडल्या गेल्या.” कार्टूनमधल्या बाईलाही ते आदराचं ‘सान’ लावत.

“सुटतील, सुटतील,” ताकेनोरी म्हणाले.

“हो, सुटल्या. मग पुन्हा पकडल्या गेल्या. त्याच माणसाने पकडलं.” थोडं थांबून ते सौजन्याने म्हणाले, “स्वभावाने भोळ्या दिसतात.”

दुसऱ्या दिवशी मिहारू-सानच्या हातून दुर्गाची किल्ली समुद्रात पडली. तिसऱ्या दिवशी शत्रूने “मी तुझा काका” असं सांगितलं आणि त्यांनी स्वतः दार उघडून त्याला आत घेतलं. हिराइवा कधी टीका म्हणून करत नसत. “आज पाऊस नव्हता आणि मिहारू-सान शुद्धीवर होत्या,” असा त्यांचा सूर. सूर इतका शांत की ताकेनोरींना रात्री झोप लागेना.

शेवटी मुलीचाच फोन आला.

“बाबा, इत्सुकीचे बाबा त्याला काय विचारत होते माहितीये? मिहारूला एकटीने प्रवास जमतो ना.”

“मग? त्यांना काळजी आहे तुझी.”

“मी रुग्णवाहिका चालवते, बाबा. आलुबुखार म्हण म्हणून मी तुझ्या पाया पडले होते.”

“त्यांना म्हणावं, शेवटच्या पाच भागांपर्यंत थांबा. तो प्रसंग येऊ दे.”

“आणि नाही आवडला तर? आयुष्यभर त्या घरात मी कोण? काकाला दार उघडणारी?”

गोष्ट आता मुलीच्या अब्रूवर आली होती. ताकेनोरींनी कपाटातून स्वतःचा संच काढला. मालिका काढणारी कंपनी बुडाल्यामुळे ती पहिल्यांदा दाखवली ती दाखवली. मग इतक्या वर्षांत कुठेच दिसली नव्हती. गेल्या साली तबकड्या निघाल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी घेतल्या आणि वेष्टणासकट देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या. उघडल्या नव्हत्या. का नाही उघडल्या, असं सुमिएंनी एकदा विचारलं होतं. “सूर्य उगवतो की नाही हे कोणी तपासून बघतं का?” असं त्यांचं उत्तर होतं.

त्या रविवारी दुपारी त्यांनी सूर्य तपासून बघितला.

पहिल्या भागात बोलणाऱ्याचं तोंड मिटलेलं होतं आणि गप्प बसलेल्याचं हलत होतं. दुसऱ्यात शत्रूची पाच विमानं पडली. पाचही एकाच डोंगरावर, एकाच बाजूने, एकाच धुराने. तिसऱ्यात आकाशगंगेतून मोठी काळी सावली सरकत गेली. महाभयंकर यान येणार म्हणून ताकेनोरी सरसावून बसले. यान आलं नाही. ती सावली चित्र काढणाऱ्याच्या कोपराची असावी.

आवाज मात्र ओळखीचा होता, शब्दन् शब्द. कारण त्या काळी त्यांच्या घरी चित्र साठवायची सोय नव्हती. टीव्हीच्या पोटाला मायक्रोफोन लावून, घरादाराला श्वास रोखायला सांगून, नुसता आवाज कॅसेटवर घ्यायचा. त्यांच्या कॅसेटवर महायुद्धाच्या ऐन मध्यावर त्यांची आई म्हणायची, “आंघोळीचं पाणी निवतंय रे.” ती कॅसेट त्यांनी झिजेपर्यंत ऐकली होती, डोळे मिटून. डोळे मिटल्यावर जी विमानं दिसत ती वेगवेगळ्या डोंगरांवर पडत. तबकडीत आई नव्हती. तिच्या जागी नुसती शांतता होती, आणि त्या शांततेत मिहारू किंचाळत होती.

त्यांनी ओनोदेराला बोलावून घेतलं. ओनोदेरा दंतवैद्य, कॉलेजातल्या ‘गोरादेन प्रेमी मंडळा’चा चिटणीस. ताकेनोरी अध्यक्ष होते.

“तू अलीकडे बघितलंस का रे?” ताकेनोरींनी विचारलं.

“बघायला कशाला हवं? आपल्या रक्तात आहे.”

“बस आणि बघ.”

ओनोदेरा बसला. दोन भाग झाल्यावर त्याने चष्मा पुसला. आणखी एक झाल्यावर म्हणाला, “तेव्हा पैसे कमी असायचे बिचाऱ्यांकडे.”

“हं.”

“आणि टीव्ही लहान होता. लहान टीव्हीवर हे एवढं दिसत नसेल.”

“आणि आपण?”

“आपणही लहान होतो,” ओनोदेरा म्हणाला. “पण ताकेनोरी, तो एक प्रसंग. सुकाणूचा. तो एकच प्रसंग असता ना, तरी बाकी सगळं माफ.”

“तेच मी म्हणतोय. माफ.”

दोघा म्हाताऱ्यांना जरा धीर आला. पण देव डोंगरातल्या लोकांच्या बाजूने असावा. तेवढ्यात फोन वाजला.

“हिराइवा बोलतोय. उत्सुकता आवरली नाही, म्हणून आज थेट शेवटचे पाच भाग बघितले. क्षमा असावी, बहुधा माझ्या तबकडीतच दोष आहे. तो प्रसंग मला सापडला नाही. सुकाणू आहे. मिहारू-सानही आहेत. पण त्या जेवणघरात आहेत. अळंबीचं सूप पितात आणि बेशुद्ध पडतात. भाग संपेपर्यंत उठत नाहीत. मी दोनदा बघितलं. मला वाटलं, माझीच नजर चुकली.”

ताकेनोरींनी फोन ठेवला आणि धावत जाऊन शेवटची तबकडी लावली. नेमकी त्याच वेळी मिहारू घरी आली. रविवारी आईकडून लोणचं न्यायची तिची पद्धत होती. दारातच तिला पडद्यावर आपली नावबहीण दिसली; सुपाच्या वाडग्यात तोंड खुपसून पडलेली. दुर्ग वाचवला स्वयंपाक्याने, तोही चुकून.

“ही मी?” मिहारूने विचारलं.

“ही तू नव्हेस,” ताकेनोरी म्हणाले. “हा कट आहे. कापलाय प्रसंग. जपानी टीव्हीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं दृश्य, आणि या नालायकांनी तिथे सूप घातलंय.”

“फोन लाव तबकड्यांच्या कंपनीला,” ओनोदेरा म्हणाला. “मंडळाच्या लेटरहेडवर निषेधही पाठवू. वर्तमानपत्रातही देऊ. माझा एक पेशंट आहे तिथे, त्याचा दात अजून माझ्याकडे अर्धवट आहे.”

“व्याह्यांनाही कळवतो, त्यांनीही सही करावी.” ताकेनोरी फोनकडे निघाले.

“करू नका फोन,” सुमिए म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात लोणच्याची बरणी घेऊन. त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण त्या घरात ‘करू नका’ हा प्रयोग क्वचितच होत असे, म्हणून सगळे थांबले.

“तो प्रसंग तुम्ही बघितलाय का?” सुमिएंनी विचारलं.

“म्हणजे काय. माझ्या डोळ्यांनी.”

“तो भाग लागला त्या दिवशी वादळ होतं. सबंध ओदावारात वीज नव्हती.”

ओनोदेराने आठवायचा प्रयत्न केला. “होती का नव्हती... नव्हती. आम्ही मेणबत्ती लावून रडलो होतो.”

“मी तोक्योत मावशीकडे होते. दर आठवड्याला तिथेच बघायचे. मंडळात तेव्हा नवीनच होते. तुम्ही म्हणालात, फक्त तूच बघितलायस, आपल्या मंडळाच्या अंकासाठी तो भाग जसाच्या तसा लिहून दे. सगळे माझ्याकडे असे बघत होते, की मला सूप सांगवेना. मी सुकाणू लिहिलं.”

पडद्यावर मिहारू अजून वाडग्यातच होती.

“मग ते वाक्य?” ताकेनोरींचा आवाज बारीक झाला. “हात रिकामे नसतात?”

“पुढच्या आठवड्यात मावशीच्या घरून येताना सुचलं. गाडीत दोन्ही हातांत सामान होतं.”

“आई,” मिहारू खाली बसली. “म्हणजे माझं नाव तुझ्या गोष्टीतलं आहे?”

“नाव मालिकेचंच. बाई माझी.”

ओनोदेरा एकाएकी खूश झाला. “म्हणजे सुमिए-सान, गोरादेनमधलं जे काही टिकाऊ आहे ते तुमचं. कमाल आहे. मग पुढे का नाही लिहिलंत? मंडळाला मजकुराची नेहमी टंचाई.”

सुमिए बरणीचं झाकण घट्ट करत राहिल्या. उत्तर ताकेनोरींना आठवलं. आठवायला नको होतं, पण आठवलं. पुढच्याच अंकाला सुमिएंनी एक गोष्ट आणून दिली होती. मिहारू युद्ध संपल्यावर आपल्या गावी परत जाते, अशी. अध्यक्षांनी ती उभ्याउभ्या वाचली आणि परत दिली. गोरादेनच्या तोडीची नाही, म्हणाले. आणि मग समजुतीच्या सुरात सल्लाही दिला होता: “तो सुकाणूचा प्रसंग नीट अभ्यास. लेखन कशाला म्हणतात ते कळेल.”

तेव्हापासून सुमिए मंडळात चहा करायच्या आणि अंकाला टाचण्या मारायच्या. दोन वर्षांनी अध्यक्षांनी त्यांना लग्नाचं विचारलं, तेही तेच वाक्य म्हणून. त्यांनी ‘हो’ म्हटलं होतं. त्यांना वाक्य आवडलं असावं, असा ताकेनोरींचा इतकी वर्षं समज होता.

“मी सांगते इत्सुकीच्या बाबांना,” मिहारू म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते आणि ती हसतही होती. “सांगते, नाव आईकडून आलंय. आणि तुमच्या तबकडीत दोष नाही.” ती फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. ओनोदेरालाही दातांचं काहीतरी आठवलं, आणि लोणच्याची छोटी पिशवी घेऊन तो गेला.

ताकेनोरी उठले. टीव्हीसमोरच्या चटईवर गुडघे टेकले, दोन्ही तळहात पुढे ठेवले आणि कपाळ जमिनीला लावलं. मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात अख्खी नोकरी झाली, पण इतके खाली ते मालकासमोरही वाकले नव्हते.

“सुमिए,” ते चटईत म्हणाले, “मी मूर्ख आहे. मी आयुष्यभर एका भिकार मालिकेचे गोडवे गायले, आणि जिचे गायला हवे होते तिच्याकडून चहा करून घेतला. तू किती लिहिलं असतंस. मी तुझं सगळं वाया घालवलं. ती गावी परतण्याची गोष्ट, ती कुठे आहे? ती जपायला हवी होती मी.”

“नाहीये. मी तेव्हाच बंबात घातली.”

ताकेनोरींचं कपाळ आणखी खाली जायला जागा नव्हती. “पुन्हा लिही,” ते म्हणाले. “उद्यापासून स्वयंपाक मी करतो. ही भिकार मालिका मी आत्ता बाहेर टाकून देतो.”

“भिकार आहे हे मला मावशीकडेच कळलं होतं,” सुमिए म्हणाल्या. त्या खाली बसल्या, उशी पाठीशी घेतली, बरणी बाजूला ठेवली. “दर आठवड्याला कळायचं.”

“मग का बघायचीस?”

“आवडायची. भिकार असलं म्हणून काय झालं?”

पडद्यावर शेवटचा भाग सुरू झाला होता. नभोदुर्ग गोरादेन त्याच त्या डोंगरावरून, त्याच त्या धुरातून घराकडे निघाला होता. ताकेनोरी कपाळ टेकून क्षमेची वाट बघत होते. आता काहीतरी मोठं ऐकू येईल असं त्यांना वाटत होतं.

“अहो,” सुमिए म्हणाल्या, “जरा बाजूला सरकता का? तुमच्या पाठीमुळे दिसत नाहीये.”