सर ह्यूबर्टची गढी आणि मर्टलचे कांदे

आमच्या लिटल वेनिंग गावची हरवलेली गढी मीच शोधणार, हे मी माझ्या निवृत्तीच्या समारंभातच जाहीर करून टाकलं होतं. बत्तीस वर्षं बसची वेळापत्रकं बनवणाऱ्याला, न आलेली वस्तू कुठे अडकलीय ते बरोबर कळतं, असंही मी म्हणालो. लोक हसले. मी विनोद केलेला नव्हता.

गढी होती हे नक्की. सहाशे वर्षांपूर्वीच्या कागदांत सर ह्यूबर्ट आहेत, त्यांची गढी आहे आणि भोवती पाण्याने भरलेला खंदकही आहे. पुढे केव्हातरी ती पडली, लोकांनी दगड नेऊन डुकरांचे गोठे बांधले, खंदक बुजला आणि जागाच विसरली गेली. आमच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष एडगर स्नेल यांच्या मते गढी चर्चमागे, म्हणजे योगायोगाने त्यांच्याच शेतात होती. तिथे तीन उन्हाळे खणून मंडळाला एक घोड्याचा नाल आणि सरबताची बाटली मिळाली.

मला ती कुठे सापडली? आमच्या परसात! पाऊस नसलेला ऑगस्ट होता. मी पन्हळ साफ करायला शिडीवर चढलो आणि खाली बघतो तर काय, सगळं गवत वाळून पिवळं, पण घराला वळसा घालून एक रुंद हिरवा पट्टा, कोपऱ्यावर काटकोनात वळलेला. बुजलेल्या खंदकात ओल टिकते आणि वरचं गवत हिरवं राहतं, हे मंडळात कालच आलेल्यालाही ठाऊक असतं. मी शिडीवरूनच ओरडलो की मर्टल, आपण गढीत राहतो! बायकोने आधी पन्हळ संपवायला सांगितलं.

अडचण एकच होती. पट्टा सगळ्यात हिरवा होता तिथेच मर्टलचा कांद्याचा वाफा. गावच्या भाजी-प्रदर्शनात कांद्यात ती अकरा वर्षं दुसरी येत होती. पहिला कोण? एडगर स्नेल. यंदा तिने वाफा त्या सखल कोपऱ्यात हलवला आणि कांदे असे फुगले, की शेजारी कुंपणावर वाकून बघत. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं.

"कुठेही खण," मर्टल म्हणाली. "माझ्या कांद्याला धक्का लागला तर तुला त्याच खड्ड्यात पुरेन."

मी वाफ्यापासून हातभर सोडून खणायला घेतलं. माती काळीभोर, लोण्यासारखी. कमरेइतकं खोल गेल्यावर घडीव दगड लागले, आतून गुळगुळीत, तिरपे उतरत गेलेले. मी तत्काळ ओळखलं. गढीच्या खासगी प्रार्थनाघरातलं पवित्र पाण्याचं कुंड! पाद्रीबाबांना निरोप गेला. ते गुडघ्यांवर बसले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून प्रार्थना केली. मग गाव लोटलं. दोघीतिघींनी तर सांधेदुखीसाठी दगडाला हातही लावले.

चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या पुरातत्त्व खात्यातल्या मिस बॅरो आल्या. खड्ड्यात उतरल्या, माती चिमटीत घेऊन हुंगली आणि मला बाजूला घेतलं.

"मिस्टर टडनम, हा सर ह्यूबर्टचा संडास आहे."

वरच्या मजल्यावर बसायचं, खाली थेट खंदकात, अशी सोय. दोनशे वर्षं, सगळं कुटुंब, शिवाय पाहुणे. मिस बॅरोंनी कांद्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तरीच.

मी त्यांना हात जोडून प्रदर्शनापर्यंत गप्प राहायला सांगितलं. कारण होतं नियम क्रमांक चौदा. एके साली कुणीतरी संडासाची बादली वाफ्यात ओतून पहिला नंबर मारला होता. तेव्हापासून माणसाच्या मैल्यावर पोसलेली भाजी आमच्याकडे बाद. मी मर्टललाही बोललो नाही, तिला खोटं बोलता येत नाही. पाद्रीबाबांना सांगायचा धीरच झाला नाही.

आणि मर्टल पहिली आली! बाराव्या वर्षी! चांदीचा कप तिने दोन्ही हातांनी धरला होता, तिला रडू आवरेना. खरं सांगतो, मलाही आवरेना. तेव्हाच आम्ही घरी जायला हवं होतं.

पण एडगर अभिनंदन करायला व्यासपीठावर चढला. चार शब्द बरे बोलला आणि मग म्हणाला, आपल्या क्लेमंट टडनमच्या त्या खंदकाचं म्हणाल तर ते गुरांचं डबकं असावं, आणि गुरांच्या हौदाला आपले पाद्रीबाबा वंदन करून आले. सभागृह खो खो हसलं. मर्टलने माझा दंड धरला.

"जाऊ दे, क्लेमंट. आज नको."

मी उभा राहिलो. माणसाला कधीकधी आपलं तोंड आपलं वाटत नाही.

"गुरांना दगडी संडास कोण बांधून देतं रे, एडगर? सर ह्यूबर्टचा संडास आहे तो! थेट कांद्याच्या वाफ्यात उतरतो! दोनशे वर्षांचा माल आहे तिथे, विचार मिस बॅरोंना!"

मिस बॅरोंनी मान डोलावली. पाद्रीबाबा आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. एडगरने खिशातून नियमांची वही काढली.

मैला सहाशे वर्षांचा असेल तर त्याला मैला म्हणावं की माती, यावर समितीने पाऊण तास घातला. नियमात वयाची अट नव्हती. कप दुसऱ्या आलेल्या एडगरकडे गेला. तो घेताना त्याने माझ्याशी हात मिळवला आणि दिलदारपणे म्हणाला, "गढी तुझीच, क्लेमंट. मानलं."

मर्टलने टोपलीत कांदे परत भरले आणि माझ्यापुढे दहा पावलं चालत घरी गेली.

त्या कांद्यांना आता गावात कुणी फुकटही हात लावत नाही. त्यामुळे गेले सतरा दिवस आमच्याकडे दोन्ही वेळा कांद्याचं सूप असतं. मर्टल स्वतः घेत नाही. समोर खुर्ची ओढून बसते आणि माझा वाडगा रिकामा झाल्याशिवाय उठत नाही.

चव, तुमच्यापाशी म्हणून सांगतो, उत्तम आहे.